रस्ता रुंद हवा की संथ? जुन्या वस्त्यांतील वेग आणि पदपथ

आपल्या परिसरातील जुन्या वस्त्यांमध्ये गेली काही वर्षे एकच मागणी वारंवार कानी पडते : रस्ता रुंद करा. ग्रामसभा असो, प्रभागातील बैठक असो वा निवडणुकीच्या काळातील भेटीगाठी असोत, ह्या मागणीवर सर्वांचे एकमत होते. अपघात झाला तर तो रस्ता अरुंद म्हणून झाला, कोंडी झाली तर तीही रस्ता अरुंद म्हणूनच झाली, असे आपण मानतो. मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वस्तीतील रस्ता रुंद केला म्हणजे तो पायी चालणाऱ्यासाठी सुरक्षित होतो काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच मिळते. असे का होते आणि त्याऐवजी काय करता येते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या वस्त्यांचे स्वरूप ध्यानात घेऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावे, वांद्र्याचे रणवार, गिरगावातील खोताची वाडी ह्या साऱ्या वस्त्या मोटारीच्या आधीच्या आहेत. त्यांच्या वाटा माणसांच्या आणि बैलगाडीच्या मापाने पडल्या. घर, विहीर, वाडी, कुंपणाची भिंत, वळणावरचा क्रूस हे सर्व आधी आले. डांबर त्यांच्यामधून वाट काढत नंतर आले. आज त्याच वाटेने शाळेची बस जाते, पाण्याचा टँकर जातो, बांधकामाचा डंपर जातो, घरपोच सामान देणारा तरुण मोटारसायकलवरून जातो आणि शनिवार-रविवारी समुद्रकिनाऱ्याकडे निघालेल्या परगावच्या मोटारी जातात. त्यांतील कित्येकांना त्या गावात कोणतेही काम नसते. मोबाइलवरील नकाशाने जवळचा मार्ग दाखविला, म्हणून ते आलेले असतात. आणि त्याच वाटेने हातात पिशवी घेतलेली आजी, सायकल शिकणारा मुलगा आणि स्टेशनकडे जाणाऱ्या बसचा थांबा गाठू पाहणारी नोकरदार स्त्री चालत असते. तिच्यासाठी वेगळी जागा नाही. एका बाजूला दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे गटार.

वेगाचे गणित

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. समोर अचानक मूल आले, तर चालकाच्या डोळ्यांनी ते पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ८ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे ५ मीटर लागतात. एकूण १३ मीटरांत मोटार थांबते. आता हीच मोटार ताशी ५० च्या वेगाने येत आहे असे समजा. तिचे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर होतात. म्हणजे पहिली मोटार जेथे पूर्ण थांबली होती, तेथे दुसरीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. तेरा मीटरांवर उभ्या असलेल्या मुलाला पहिली मोटार स्पर्शही करीत नाही. दुसरी त्याच्यावर पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, हे अंतर आणखी वाढते.

धडकेचा जोरही वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ३० वरून ५० झाला की जोर सुमारे पावणेतीन पट होतो. २००९ साली एरिक रोसेन आणि उलरिच सँडर ह्या संशोधकांनी जर्मनीतील अपघातांच्या नोंदी तपासून असे दाखविले की, ५० च्या वेगाने धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ३० च्या वेगाच्या तुलनेत पाच पटींहून अधिक असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२० साली मान्यता दिलेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तेथे कमाल वेग ३० असावा असे म्हटले आहे, त्यामागे हे गणित आहे.

ह्यावर 'मग वेळ किती जाईल' असा आक्षेप हमखास येतो. गावातील रस्ता अर्धा किलोमीटर लांब आहे असे धरू. ५० च्या वेगाने तो ३६ सेकंदांत संपतो, ३० च्या वेगाने ६० सेकंदांत. फरक २४ सेकंदांचा आहे. प्रत्यक्षात तेवढाही पडत नाही, कारण कोणतीही मोटार गावातून सलग ५० ने जाऊ शकत नाही. ती मधेच धावते, मधेच थांबते.

आपल्या देशातील आकडे पाहिले, तर विषयाचे गांभीर्य कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दररोज सरासरी ९० पादचारी. ही माणसे कोणतेही वाहन चालवीत नव्हती.

चालक पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो

वेग कमी करण्याचा आपल्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे पाटी. 'वाहने सावकाश हाका' असे लिहिलेली पाटी आपल्याकडे प्रत्येक शाळेसमोर असते, आणि तिचा उपयोग किती होतो हे सर्वांस ठाऊक आहे. चालक आपला वेग पाटीवरून ठरवीत नाही. रस्ता किती रुंद आहे, किती सरळ आहे, पुढचे किती दूरपर्यंत दिसते, कडेला भिंत वा झाडे किती जवळ आहेत, ह्यांवरून त्याचा पाय आपोआप दाबला वा उचलला जातो. रुंद, सरळ, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता त्याला 'पळ' असे सांगत असतो. अशा रस्त्याच्या कडेला वेगमर्यादेची पाटी लावणे म्हणजे पंगत वाढून ठेवून उपवासाचा उपदेश करण्यासारखे आहे.

रुंदीकरणाच्या मागणीतील अडचण येथे आहे. एखाद्या गावकऱ्याने आपल्या अंगणातील चार फूट जागा सोडली, जुनी भिंत मागे घेतली, दोन माड तोडले, आणि रस्ता रुंद झाला. पहिले काही महिने सर्वांना बरे वाटते. त्यानंतर त्या रुंद रस्त्यावरून वाहने अधिक वेगाने जाऊ लागतात, ती वेगाने जाऊ शकतात म्हणून लांबचीही वाहने त्या वाटेकडे वळतात आणि उरलेल्या कडेवर मोटारी उभ्या राहू लागतात. ज्या आजीसाठी रस्ता रुंद करावयाचा होता ती आता पूर्वीपेक्षा अधिक वेगवान वाहनांच्या शेजारून, पूर्वीइतक्याच जागेतून चालते, आणि रस्ता ओलांडताना तिला अधिक रुंदी पार करावी लागते. अंगण गेले ते गेलेच.

नेदरलँड्सचा धडा

हा अनुभव आपल्या आधी युरोपने घेतला. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत ३,२००हून अधिक माणसे मरण पावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. देश आपल्या महाराष्ट्राच्या तुलनेत किती लहान हे पाहिले, तर हा आकडा किती भयंकर होता हे कळेल. त्या वर्षी मृत्यू पावलेल्या मुलांमध्ये विक लांगेनहोफ ह्या पत्रकाराची मुलगीही होती. शाळेच्या वाटेवर ती मोटारीखाली आली. लांगेनहोफ हे 'द टाइड' ह्या कॅथलिक परंपरेच्या दैनिकात काम करीत. त्यांनी १९७२ साली त्या पत्रात एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता 'बालहत्या थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी टाळला होता. त्या लेखातून त्याच नावाची पालकांची चळवळ उभी राहिली. आयाबापांनी आणि मुलांनी रस्त्यांवर येऊन त्यांचा ताबा घेतला, धोक्याच्या जागांचे नकाशे काढले, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. ज्यांना वृत्तपत्रातील एका लेखाने काय होणार असे वाटते, त्यांनी हे उदाहरण स्मरणात ठेवावे.

ह्याच सुमारास डेल्फ्ट ह्या जुन्या गावात योस्ट फाल हे पालिकेचे अभियंता एक वेगळा प्रयोग करीत होते. तेथील गल्ल्या आपल्या गावांसारख्याच अरुंद होत्या. पदपथ करावा इतकी जागा नव्हती. त्यांनी पदपथाचा नाद सोडला. कडेचा दगडच काढून टाकला आणि गल्ली एका पातळीवर आणली. सरळ जाणारी वाट झाडे, बाके आणि उभ्या मोटारींच्या जागा आलटून पालटून ठेवून नागमोडी केली. परिणाम असा झाला की, मोटार गल्लीत शिरताच चालकाला आपण कोणाच्या तरी अंगणात शिरलो आहोत असे वाटे. ह्या रचनेला 'वोनर्फ' असे नाव मिळाले. त्या डच शब्दाचा अर्थच मुळी 'राहण्याचे अंगण' असा होतो. १९७६ साली तेथील कायद्याने ह्या अंगणाला मान्यता दिली : पादचारी रस्त्याची पूर्ण रुंदी वापरू शकतो, मुले तेथे खेळू शकतात, मोटारीने माणसाच्या चालण्याच्या वेगाने जावे आणि आखून दिलेल्या जागेतच उभे राहावे.

आमच्या मते ह्या प्रयोगात आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. जेथे पदपथाला जागा नाही तेथे दोनच मार्ग उरतात. एक, लोकांची अंगणे घेऊन जागा करणे; दुसरा, वाहनांचा वेग इतका उतरविणे की संपूर्ण रस्ताच पदपथ होईल. जुन्या वस्तीला दुसरा मार्ग परवडतो.

वोनर्फची रचना खर्चिक होती. प्रत्येक गल्ली उखडून पुन्हा बांधावी लागे. म्हणून १९८० च्या दशकात डच लोकांनी संपूर्ण वस्तीसाठी ३० च्या वेगाचा साधा विभाग आखण्यास आरंभ केला. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ साली मुख्य रस्ते वगळता सर्व शहरभर हीच मर्यादा लागू केली. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात निम्म्याहून अधिक रस्त्यांवर आज ३० ची मर्यादा आहे, आणि तेथे जुलै २०२४ ते जुलै २०२५ ह्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. नेदरलँड्समधील मृत्यूंचा आकडा २०२३ साली ६८४ होता. अर्थात ह्या घटीचे सारे श्रेय गल्लीतील झाडांना आणि उंचवट्यांना देता येणार नाही. सीटबेल्ट, मद्यपी चालकांवरील कारवाई, सायकलींचे स्वतंत्र मार्ग, रुग्णालयांतील सुधारलेले उपचार हे सर्व त्यात आहे. तरीही वस्तीत मुले मरण्याचे प्रमाण एवढे घटले, ते मोटारीचा वेग वस्तीच्या दारात उतरविल्याशिवाय घडले नसते.

वेग उतरविण्याच्या ह्या विद्येला इंग्रजीत 'ट्रॅफिक काल्मिंग' म्हणतात. तो शब्द जर्मनवरून आला. मराठीत आपण तिला 'वेगशमन' म्हणू.

शेजारधर्माचे मोजमाप

वेगशमनाचा लाभ केवळ अपघात टळण्यापुरता नाही. डोनाल्ड अॅपलयार्ड ह्या नगररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांनी सॅन फ्रान्सिस्को शहरातील शेजारशेजारच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. घरे सारखी, उतारही सारखा, फरक वाहनांचा. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. शांत रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते आणि सहा ओळखीचे, वर्दळीच्या रस्त्यावरील रहिवाशाला एकही पुरता मित्र नव्हता (सरासरी ०.९) आणि ओळखीचे तीनच. शांत रस्त्यावरील लोक सारा रस्ता 'आमचा' म्हणत. वर्दळीच्या रस्त्यावरील लोकांचे 'आमचे' हे त्यांच्या दाराच्या उंबरठ्यापाशी संपे. १९८१ साली हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये भरधाव मोटारीच्या धडकेने अॅपलयार्ड ह्यांचे निधन झाले.

ज्यांनी आपल्या आळीत संध्याकाळी दारापुढे खुर्च्या टाकून बसलेली माणसे पाहिली आहेत, आणि आता त्या खुर्च्या कंपाऊंडच्या आत गेलेल्याही पाहिल्या आहेत, त्यांना ह्या अभ्यासाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

गतिरोधक : आपला आवडता आणि बिघडलेला उपाय

आपल्याकडे वेगशमन म्हणजे गतिरोधक, एवढेच समीकरण आहे. अपघात होतो, लोक रस्त्यावर येतात, आणि त्याच रात्री डांबराचा वा काँक्रीटचा एक आडवा उंचवटा उभा राहतो. त्याला ना माप, ना रंग, ना आधी सूचना. असा अरुंद, टोकदार उंचवटा मोटारीला पुरेसा रोखत नाही, मात्र अंधारात मोटारसायकलस्वाराला खाली पाडतो, रिक्षातील गरोदर स्त्रीला आणि पाठीच्या दुखण्याच्या माणसाला असह्य हादरा देतो.

वास्तविक भारतीय रोड काँग्रेस ह्या संस्थेने १९८८ सालीच गतिरोधकाचे माप ठरवून दिले आहे. उंची १० सेंटिमीटर, आणि वाहनाच्या जाण्याच्या दिशेने लांबी ३.७ मीटर; म्हणजे चार बोटांहून थोडा उंच आणि बारा फूट लांब असा निमुळता, पाठीसारखा गोलावा. ह्यावरून ताशी २५ च्या वेगाने गेल्यास हादरा बसत नाही. त्याहून वेगाने गेल्यास बसतो. चांगल्या गतिरोधकाची हीच खूण. तो सावकाश जाणाऱ्याला त्रास देत नाही. त्यावर काळेपांढरे पट्टे हवेत आणि अलीकडे सूचनेची पाटी हवी. एकट्या गतिरोधकाने काम भागत नाही, कारण तो ओलांडताच चालक वेग वाढवून गमावलेला वेळ भरून काढतो. म्हणून साधारण शंभर ते सव्वाशे मीटरांवर दुसरा हवा. त्याच मार्गदर्शिकेची २०१८ साली नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या नावातील 'गतिरोधक' जाऊन 'ट्रॅफिक काल्मिंग' हे शब्द आले. नावातील हा बदल विचारातील बदलही दाखवितो, कारण उंचवटा हा अनेक साधनांपैकी एक आहे.

दुसरे साधन उंच केलेले क्रॉसिंग. शाळेसमोर वा बसथांब्यापाशी रस्त्याचा पट्टा पदपथाच्या पातळीपर्यंत उचलावयाचा आणि दोन्ही बाजूंना मोटारीसाठी सौम्य उतार द्यावयाचा. येथे माणूस खाली उतरत नाही, मोटार वर चढते.

तिसरे साधन रस्त्याचा कोपरा. ह्याकडे आपले कोणाचेच लक्ष जात नाही. वळणावरचा कोपरा मोठा गोल घेतला की मोटार वेग न उतरविता वळते. कोपरा काटकोनाच्या जवळ ठेवला की तिला जवळजवळ थांबूनच वळावे लागते. रस्त्याचे काँक्रीटीकरण करताना ठेकेदार सवयीने कोपरे ऐसपैस गोल करतात, आणि आपण त्याला सुधारणा समजतो. ज्या वळणावर वृद्ध माणसे रस्ता ओलांडतात, तेथे तो गोलावा त्यांच्या जिवावर बेततो.

चौथे, आडवाटेने जाणारी वाहतूक रोखणे. ज्या वाहनाला गावात काम आहे त्याने यावे. ज्याला केवळ पलीकडे जावयाचे आहे त्याने मुख्य रस्त्याने जावे. ह्यासाठी गल्लीच्या मध्यभागी खांब वा कुंड्या ठेवून मोटारीची आरपार वाट बंद करता येते. दोन्ही बाजूंनी प्रत्येक घरापर्यंत मोटार पोहोचते, पण पार जाऊ शकत नाही. अग्निशामक दलासाठी काढता येणारा खांब ठेवता येतो. ह्यावरही आक्षेप येतात, आणि सर्वांत मोठा आक्षेप आपल्याच रहिवाशांचा असतो, कारण त्यांनाही वळसा पडतो. शिवाय अशा खांबांमधून मोटारसायकल सहज निघून जाते. चाकाची खुर्ची जाईल अशी फट ठेवली तर दुचाकीही जाणारच. तिला रोखण्याचे काम पोलिसांचे आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांचे आहे.

पदपथ असूनही लोक रस्त्यावरून का चालतात?

जेथे रस्ता थोडा रुंद आहे, जसे वस्तीतून जाणारा बसचा मार्ग, तेथे पदपथ हवाच. परंतु आपल्याकडील पदपथांचा अनुभव असा की, ते असतात आणि लोक मात्र खालून चालतात. लोकांना शिस्त नाही असा शेरा मारून अधिकारी मोकळे होतात. आम्हांस तो शेरा मान्य नाही.

पदपथ फूटभर उंच बांधला, की गुडघे दुखणारी व्यक्ती त्यावर चढत नाही. दर दहा पावलांवर एखाद्या घराचे फाटक येते, तेथे तो तोडून खाली उतरविलेला असतो; म्हणजे शंभर मीटरांत आठ वेळा चढउतार. मधेच विजेचा खांब, पुढे रोहित्र, त्यापुढे शुभेच्छांचा फलक, मग ओळीने उभ्या दुचाकी. खाली गटार असेल तर एखादी लादी फुटलेली, आणि पेव्हर ब्लॉक असतील तर पहिल्या पावसानंतर डुगडुगणारे. अशा पदपथावरून चालण्यापेक्षा रस्त्याच्या कडेने चालणे हा पादचाऱ्याचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

रोड काँग्रेसची पादचाऱ्यांविषयीची मार्गदर्शिका ह्या बाबतीत स्पष्ट आहे. चालण्यासाठी पूर्ण मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, असावी. दोन चाकाच्या खुर्च्या परस्परांच्या बाजूने जाऊ शकतील इतकी. उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. खांब, झाडे, बाके ह्यांची जागा ह्या सहा फुटांच्या बाहेर असावी. आणि फाटकांपाशी पदपथ सलग राहावा; मोटारीने छोटा उतार चढून त्यावरून जावे. ह्या शेवटच्या मुद्द्यावर आपल्या वॉर्डातील कोणत्याही नव्या कामाची परीक्षा करता येईल.

जुन्या वस्तीत एक सोय आधीच असते, ती म्हणजे कडेचे गटार. ते भक्कम, एका पातळीवरच्या लाद्यांनी झाकले आणि रस्त्याच्या पातळीशी जुळविले, तर कोणाच्याही अंगणाला हात न लावता तीन-चार फुटांची चालण्याची पट्टी मिळते. पुरेशी नव्हे, पण आज आहे त्याहून पुष्कळ चांगली. तिच्यावर आपलीच मोटार उभी करावयाची नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागेल. रविवारी सकाळी चर्चच्या आसपासच्या रस्त्यांवर गाड्या कशा उभ्या असतात, ह्याची आठवण आम्ही वाचकांना नम्रपणे करून देतो.

मोठ्या शहरांत प्रयोग होत आहेत. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण संमत केले आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून बाके व झाडांना जागा दिली. परंतु तो बाजारपेठेचा रुंद रस्ता आहे. आपल्या गल्लीला त्याचे माप लागणार नाही.

कायदा कोणाच्या बाजूस?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतील रस्त्यांसाठी मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० आणि मोटारसायकलीची ६० ठेवलेली आहे. ही देशभरची वरची मर्यादा झाली. तिच्याखाली स्थानिक मर्यादा ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ अन्वये राज्य शासनाला व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, आणि कलम ११५ अन्वये विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांना बंदी वा वेळेचे बंधन घालता येते. म्हणजे शाळेच्या वेळेत डंपरला गावात मनाई करण्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये असे स्पष्ट केले की, चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, आणि तो पदपथ अपंग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. न्यायालयाचा आदेश हाती असणे आणि आपल्या दारासमोरची लादी बदलली जाणे ह्यांत पुष्कळ अंतर असते हे खरे. तथापि अर्ज लिहिताना त्याचा उल्लेख करावा. पदपथ ही आता पालिकेने करावयाची मेहेरबानी उरलेली नाही.

अर्ज देण्यापूर्वी मात्र हातात आकडे हवेत. 'गाड्या फार जोरात जातात' ह्या वाक्याला कार्यालयात वजन नसते. ह्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गल्लीचा सरळ भाग निवडून त्यावर टेपने ५० मीटर मोजावे आणि दोन्ही टोकांना खडूची खूण करावी. एकाने पहिल्या खुणेपाशी हात खाली करावा, दुसऱ्याने दुसऱ्या खुणेपाशी मोबाइलवरील घड्याळाने सेकंद मोजावे. वाहनाला सहा सेकंद लागले तर त्याचा वेग ताशी ३० आहे. साडेचार सेकंद लागले तर ४०. साडेतीनच्या आसपास लागले तर ५०. एक तास सकाळी शाळेच्या वेळी, एक तास संध्याकाळी आणि एक तास रविवारी, असे तीन तास मोजून शंभर-दीडशे वाहनांची नोंद करावी. दुचाकी, मोटार आणि अवजड वाहन वेगळे लिहावे. त्याच वेळी पायी चालणारे किती आणि त्यांतील मुले व वृद्ध किती, हेही मोजावे. मोजणारे रस्त्याच्या आत उभे राहणार नाहीत ह्याची काळजी अर्थातच घ्यावी. आपल्या युवकांना हे काम एका आठवड्यात सहज करता येईल.

ह्या नोंदीची एक प्रत प्रभाग कार्यालयातील अभियंत्याकडे आणि एक वाहतूक पोलिसांकडे द्यावी, पोच घ्यावी, आणि मागणी नेमकी लिहावी : अमुक दोन वळणांचे कोपरे लहान करा, शाळेसमोर उंच क्रॉसिंग करा, गटाराच्या लाद्या रस्त्याच्या पातळीला आणा, ३० ची मर्यादा अधिसूचित करा. हा अर्ज रस्त्याच्या काँक्रीटीकरणाची निविदा निघण्यापूर्वी पोहोचला पाहिजे. एकदा ठेकेदाराने कोपरे गोल करून काँक्रीट ओतले, की पुढची वीस-पंचवीस वर्षे ते कोणी फोडत नाही.